बारा वर्षांची भित्री मांजर आणि तिला साजेसं घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या शेल्टरमध्ये १२ वर्षांची एक मांजर आहे. तिला लहानपणापासून सांभाळणारी बाई वारली आणि घरच्यांनी तिला तुमच्याकडे आणून सोडलं, त्याला आता ७ महिने झाले. ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते, हात पुढे केला की फिसकारते. मध्ये एका कुटुंबाने तिला नेलं आणि ‘पलंगाखालून बाहेरच येत नाही’ म्हणून ८ दिवसांत परत केलं. तिच्यासाठी धीर धरणारं घर कसं शोधायचं, की या वयात तिला आणखी न हलवता तिथेच राहू द्यायचं, हे तुम्हाला विचारायचं आहे.

घर शोधा. मी गेली १८ वर्षं शेल्टरमधल्या मांजरांना घरं शोधून देते आहे, त्यात वय झालेल्या आणि भित्र्या मांजरी पुष्कळ आल्या. काहींना घर मिळायला वर्ष लागलं. पण तुमच्या मांजरीसारखी, आयुष्यभर घरात राहिलेली मांजर पिंजऱ्यात ‘रुळते’ हे मी मान्य करत नाही. ती हलायची थांबते, आणि आपण त्याला रुळली म्हणतो.

आपण ‘धीराची माणसं’ शोधायला निघतो, तिथेच पहिली चूक होते. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की मला खूप धीर आहे, आणि ते अगदी मनापासून सांगतो. पण त्या धीराला बहुतेक वेळा एक मुदत असते, आणि ती त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. आठवड्यात ती बाहेर येईल, महिन्यात मांडीवर बसेल, असं चित्र मनात असतं. ते चित्र खरं झालं नाही की माणूस दुखावतो, मग पलंगाखाली हात घालून तिला बाहेर काढायला जातो, आणि सगळं मातीमोल होतं. म्हणून मी धीर विचारत नाही. मांजर पलंगाखाली असताना ज्या घरात कुणाचं काही अडत नाही, असं घर मी शोधते. असं घर भेटलं की धीर आपोआप येतो, कारण तिथे कुणी कशाची वाट बघत बसलेलं नसतं.

त्याआधी तुमच्याकडे काही कामं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात मोठं डॉक्टरांकडचं. १२ वर्षांची मांजर फिसकारते तेव्हा ती भित्री आहे असं धरून चालू नका, तिला काही दुखतंय का ते आधी बघा. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० मांजरांच्या सांध्यांमध्ये झीज दिसली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ती फक्त उंच उडी मारायची सोडते, पाठीमागचं अंग चाटायची सोडते म्हणून तिथले केस गुंततात, आणि कुणी कमरेला हात लावला की उलटते. दातांचंही तसंच. माझ्याकडे एक राखाडी बोका होता, ‘चावतो’ अशी चिठ्ठीच पिंजऱ्यावर लावलेली. त्याचे ५ दात किडून मुळाशी आले होते. ते काढले आणि तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःहून माझ्या मनगटाला गाल घासला. त्या चिठ्ठीमुळे त्याचे किती महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

तर डॉक्टरांना सांगा की रक्त आणि लघवी तपासून मूत्रपिंडं बघा, थायरॉइड बघा, रक्तदाब मोजा, तोंड उघडून दात बघा, सांधे चाचपा. थायरॉइड वाढलेली मांजर भरपूर खाऊनही वाळत जाते आणि सारखी अस्वस्थ असते. रक्तदाब फार वाढला तर मांजरीची नजर अचानक जाऊ शकते, आणि न दिसणारी मांजर हात आला की दचकणारच. तपासणीला नेण्याच्या ताणासाठी गॅबापेंटिन नावाचं औषध अनेक डॉक्टर आधी द्यायला सांगतात, त्याबद्दल विचारा. मूत्रपिंडं कमजोर असतील तर मात्रा कमी लागते, ती त्यांनीच ठरवायची. माणसांची वेदनाशामकं स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेतं.

दुसरं काम तिच्या पिंजऱ्यात. तिला लपायला खोकं आहे का? नसेल तर आजच ठेवा. उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं आणि काहींना दिलं नाही. खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांतच लक्षात येण्याइतका लवकर उतरला. लपायला दिलं तर ती कधीच बाहेर येणार नाही, असं कार्यकर्ते मला सांगतात. उलट घडतं. ज्या मांजरीला मागे जायला जागा आहे तीच पुढे यायचं धाडस करते. भिंतीकडे तोंड करून बसणं म्हणजे खोक्याशिवाय लपण्याची तिची धडपड आहे.

आणि एक दिवस तिच्याकडे नीट बघा, समोरून नाही, बाजूला बसून. खरी झोपलेली मांजर सैल असते, एखादा पंजा बाहेर पडलेला, मान लवलेली. घाबरलेली मांजर झोपल्याचं सोंग करते: डोळे मिटलेले, पण चारही पंजे अंगाखाली घट्ट ओढलेले, शेपूट अंगाला लपेटलेली, आणि दार वाजलं की डोळे न उघडता फक्त कान वळतात. तुमच्या ७ महिन्यांत ती एकदा तरी खरी झोपली आहे का, हे मला कळलं तर मी तुम्हाला तिच्याबद्दल बरंच सांगू शकेन.

ती रानटी नाही, एवढं मात्र आत्ताच सांगते. मांजरीचं पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हाताला सरावतं. त्या काळात माणूस मिळाला नाही तर पुढे फार कठीण जातं. तुमची मांजर ११ वर्षांहून जास्त काळ एका बाईच्या घरात वाढली म्हणजे ती माणसाळलेली आहे. तिचं माणूस गेलं, घर गेलं, ओळखीचे सगळे वास गेले, आणि वर कुत्र्यांचं भुंकणं आलं. एवढ्यानंतर ती अंग चोरून बसली तर त्यात तिच्या स्वभावाचा दोष कुठे आला?

म्हणूनच जुन्या घरच्यांशी पुन्हा एकदा बोला, शक्य असेल तर. कटुता ठेवू नका, फक्त विचारा. ती कुठे झोपायची, तिला काय म्हणून हाक मारायचे, घरात आणखी मांजर होती का, बाई दिवसभर काय करायच्या, लिटर, म्हणजे शी-शूच्या पेटीतली वाळू, कुठलं होतं, खाणं कुठल्या वेळी. एका काळ्या मांजरीबद्दल मला असंच फोनवर कळलं की तिची मालकीण दुपारभर रेडिओ लावून शिवण करायची. फॉस्टर घरात, म्हणजे दत्तक जाईपर्यंत तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्या घरात, आम्ही हळू आवाजात रेडिओ लावून ठेवला. तिसऱ्या दुपारी ती कपाटामागून निघाली आणि आवाजाच्या दिशेने चालत जाऊन टेबलाखाली बसली. एवढंच. पण तिच्यासाठी कुठलं घर शोधायचं ते आम्हाला त्या दुपारी कळलं: दिवसभर कुणीतरी आपलं काम करत बसलेलं, आणि मागे एक सततचा आवाज.

जमलं तर तिला दोन-तीन आठवड्यांसाठी फॉस्टरकडे पाठवा. मोठं घर नको, एक शांत रिकामी खोली पुरते. शेल्टरमधली मांजर आणि घरातली मांजर यांत इतका फरक असतो की पिंजऱ्यातल्या वागणुकीवरून तिचं वर्णन लिहिणं मला अन्याय वाटतो. फॉस्टर मिळत नसेल तर एखादा जुना फोन तिच्या पिंजऱ्यासमोर रात्रभर रेकॉर्डिंगला लावून ठेवा. सगळी माणसं गेल्यावर ती काय करते ते बघा. बहुतेक वेळा ती येते, ताणून आळस देते, निवांत खाते, तोंड धुते, कधी एखादा कागदाचा बोळा पंजाने उलटवते. हे दोन मिनिटांचं चित्रण लोकांना दाखवा. माझ्या अनुभवात अशा एका चित्रणाने जे काम केलं ते दहा कळवळून लिहिलेल्या आवाहनांनी केलं नाही.

आवाहनाबद्दल बोलायचंच तर ‘बिचारी’, ‘कुणीच नको म्हटलेली’, ‘शेवटची संधी’ हे शब्द काढून टाका. त्यांनी दया येते, आणि दयेने मांजर नेणाऱ्या माणसाला बदल्यात लवकर माया हवी असते. मी साधारण असं लिहीन:

‘१२ वर्षांची मादी, नसबंदी आणि लसीकरण झालेलं. ११ वर्षांहून जास्त काळ एका शांत घरात, एका माणसाबरोबर राहिली. अनोळखी माणूस समोर आला की लपते आणि हात पुढे केला तर फिसकारते. आजवर कुणाला चावलेली नाही. दिवे मालवल्यावर बाहेर येते, व्यवस्थित खाते, लिटर बॉक्स नेहमी वापरते. पहिले काही महिने ती तुम्हाला फारशी दिसणार नाही. कदाचित मांडीवर कधीच बसणार नाही. एका खोलीत आपापल्या ठिकाणी बसून राहणं ज्यांना पुरतं, त्यांच्यासाठी.’

यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. चावली असेल तर चावली लिहा, केव्हा आणि कशामुळे तेही लिहा. तपासणीत काही निघालं तर आजार, औषध, दर महिन्याचा खर्च, सगळं आधी सांगा. हे वाचून फोन कमी येतील याची मला कल्पना आहे. तुम्हाला एकच फोन हवा आहे.

तो फोन आला की काय विचारायचं? ‘तुम्हाला धीर आहे का’ हे विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. विचारा: घरात दिवसभर कोण असतं, किती जण येतात-जातात, दार उघडं राहतं का, येत्या काही महिन्यांत घर बदलायचं आहे का, दुरुस्ती काढायची आहे का. आणि मग माझा नेहमीचा प्रश्न: समजा ३ महिने तुम्हाला ती दिसलीच नाही, फक्त ताटली रिकामी होते आणि लिटर वापरलेलं दिसतं, तर तुम्हाला घरी कसं वाटेल? या प्रश्नानंतर गप्प बसा. ‘छे, माझ्याकडे सगळे प्राणी लगेच येतात’ म्हणणाऱ्यांना मी दुसरी मांजर दाखवते. ‘मी तिला महिन्याभरात बदलून दाखवेन’ म्हणणाऱ्यांनाही. एका गृहस्थांनी थोडा विचार करून म्हटलं होतं, ‘मी संध्याकाळी वाचत बसतो. ती असली काय, नसली काय, मी तिथे असेनच.’ मी त्याच क्षणी ठरवलं.

लहान मुलं आणि उत्साही कुत्रा असलेली घरं या मांजरीसाठी सरळ बाजूला ठेवा, त्यावर फार विचार नको. त्या घरात दुसरी मांजर असेल तर तुमची मांजर पूर्वी मांजरांबरोबर राहिली आहे का त्यावर ठरेल. राहिली असेल तर धीट सोबती बघून काही मांजरी लवकर मोकळ्या होतात. वय झालेल्या माणसांना मात्र सरसकट नकार देऊ नका. शांत घर, ठरलेला दिनक्रम, सावकाश चालणं हे सगळं त्यांच्याकडे असतं. ‘माझ्यानंतर हिचं काय’ ही त्यांची काळजी खरी असते, तेव्हा ती परत तुमच्याकडे येईल आणि तुम्ही तिला सांभाळाल असं लेखी द्या. नुकतीच म्हातारी मांजर गेलेली माणसंही बघा. औषध कसं द्यायचं, मूत्रपिंडाचा आजार काय असतो, हे त्यांना नव्याने समजवावं लागत नाही. फक्त ते गेलेल्या मांजरीची जागा भरायला आलेत का, याचा कानोसा घ्या.

भेटीच्या दिवशी तिला पिंजऱ्यातून ओढून बाहेर काढू नका, कुणाच्याही मांडीत देऊ नका. पाहुण्याला बाजूला जमिनीवर बसवा, तिच्याकडे पाठ किंवा खांदा करून, २० मिनिटं. हवं तर पुस्तक द्या. ती बघते आहे असं वाटलं तर त्याने डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवलं की असे सावकाश डोळे मिटवणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताकडे मांजरं जास्त सहज येतात. पण त्या २० मिनिटांत मी मांजरीपेक्षा माणसाकडे जास्त बघते. पाचव्या मिनिटाला हात आत जातो का? फोन निघतो का? मान वळवून ‘ये ना, ये ना’ सुरू होतं का? की तो नुसता बसून राहतो? अशा दोन-तीन भेटी झाल्यावरच पुढे जा, आणि आधी ‘सांभाळायला’ म्हणून द्या, दत्तकाचे कागद दोन-तीन महिन्यांनी करा. परतीची वाट उघडी आहे हे माहीत असलेला माणूस घाई करत नाही.

आता तो परत केल्याचा प्रसंग. त्या कुटुंबाला दोष देऊ नका. माझा अंदाज आहे की तिला अख्खं घर मोकळं मिळालं आणि ती सगळ्यात खोल बिळात शिरली. नव्या घरात तिला एकच खोली द्यायची, आणि त्या खोलीतल्या पलंगाखालची, कपाटामागची जागा आधी बंद करायची. लपायला जागा हवीच, पण ती आपण ठरवलेली: दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं खोकं, किंवा चादर टाकलेली खुर्ची, जिथे वाकून न बघताही ती आहे हे कळतं. कॅरियर, म्हणजे तिला आणलेली पेटी, दार उघडं ठेवून तिथेच राहू द्या. लिटर बॉक्सची एक कड तरी बुटकी असावी, सांधे दुखत असतील तर उंच कड ओलांडणं तिला जड जातं. खाणं आणि पाणी लिटरपासून लांब, पण तिला खोली ओलांडावी लागणार नाही इतक्या अंतरावर.

माणसाने रोज ठरलेल्या वेळी यायचं, एकच वाक्य बोलायचं, ताटली ठेवायची, थोडा वेळ जमिनीवर बसायचं आणि निघून जायचं. शोधायचं नाही, वाकून बघायचं नाही. प्रगती छोट्या खुणांमधून कळते. खुर्चीवर सकाळी केस दिसतात. ताटली तुम्ही खोलीत असतानाच वाजते. एक दिवस तुम्ही आत येता आणि ती पळत नाही, फक्त थांबते. हे सगळं एका वहीत लिहायला सांगा, कारण रोज बघणाऱ्याला बदल जाणवत नाही.

त्याच वहीत खाणं आणि लघवी-शी याची नोंद हवी. लपणं हा आजार नाही, पण न खाणं धोक्याचं. २४ तास काहीच खाल्लं नाही तर तुम्हाला फोन, आणि दुसरा दिवसही तसाच चालला तर डॉक्टर, वाट बघत बसायचं नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिली की यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतू शकतं. दिवसभरात लघवी झालेली दिसली नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. हे नव्या माणसाला जाण्याआधी तोंडी सांगा, आणि कागदावरही लिहून द्या.

नव्या घरात रुळायला लोक ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा टप्प्यांचा हिशेब सांगतात. साधारण मांजरीला तो बऱ्यापैकी लागू पडतो, तुमच्या मांजरीला मी दुप्पट-तिप्पट वेळ धरेन. माझ्याकडून गेलेली एक तपकिरी मांजर १४व्या महिन्यात पहिल्यांदा सोफ्यावर त्या बाईंच्या शेजारी येऊन बसली, एक हात अंतर ठेवून. बाईंनी मला रात्री साडेअकराला फोन केला होता, कुजबुजत, ती उठून जाऊ नये म्हणून. काही मांजरी शेवटपर्यंत येत नाहीत, पण उन्हाच्या जागी पसरून झोपतात, पोट वर करून. मला तेवढंही पुरेसं वाटतं.

तुम्ही स्वतः तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने फोन करा. दहावा दिवस चुकवू नका. पहिला उत्साह ओसरलेला असतो, मांजर अजून खोक्यात असते, आणि माणसाला वाटायला लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय. तेव्हा ओळखीचा आवाज लागतो.

वर्षभर शोधूनही घर मिळालं नाही, किंवा तपासणीत असा आजार निघाला की वेळच थोडा आहे, तर तिला कायमच्या फॉस्टरकडे ठेवा, निदान शेल्टरच्या एखाद्या शांत ऑफिसच्या खोलीत. पिंजऱ्यात परत नको.

आणि ती जाईल त्या दिवशी पिंजऱ्यातली तिची चादर बरोबर द्या. धुऊ नका. नव्या खोलीत तिच्या ओळखीचा तेवढाच एक वास असणार आहे, तो पहिले काही आठवडे खोक्यात तसाच राहू दे.